प्रोनसाठी स्लिंग शोधताना: दंड, कफ आणि नाडीचा ठोका

एअर रायफलवरून ५० मीटर प्रोनला, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराला आलं की खरंखुरं नवीन असं काय हातात पडतं तर स्लिंग. बाकी सगळं थोडंफार ओळखीचं असतं, जॅकेट तसंच, ग्लोव्ह तसाच, साइट तशीच, पण १० मीटरला उभं राहून मारताना स्लिंग चालतच नाही, त्यामुळे दंडाला पट्टा आवळायचा, पालथं पडायचं आणि रायफलचं सगळं वजन त्या पट्ट्यावर सोडून द्यायचं ही सवय अंगात मुळी नसतेच. मग जो तो विचारत सुटतो, स्लिंग कुठला घेऊ, मऊ कुठला आहे, पॅड कुणाचं जाड आहे. मी पण हेच विचारत फिरले. आता बरेच स्लिंग लावून, काढून, उसने आणून, परत देऊन झाल्यावर सांगते, मऊपणा बघूच नका. स्लिंग दंडावर जिथे लावला तिथेच शेवटच्या गोळीपर्यंत राहतो का आणि तुमची नाडी रायफलमध्ये आणतो का, या दोन गोष्टी बघा. आराम नंतर आपोआप येतो.

आधी स्लिंग नक्की करतो काय ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय निवडता येत नाही. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे मधापासून कडेपर्यंत जेमतेम ५ मिलिमीटर. रायफलवरच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ८० सेंटिमीटर धरा. पुढची साइट एक दशांश मिलिमीटर जरी हलली तरी टार्गेटवर ते सहा मिलिमीटरच्या आसपास होतं, म्हणजे दहाचा नऊ व्हायला फार काही लागत नाही. आता रायफल पाच-सहा किलोची, नियमात तर ८ किलोपर्यंत चालते, आणि ती स्नायूंच्या जोरावर धरून ठेवली तर हात थरथरणारच, कितीही व्यायाम करा. म्हणून दंड, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आणि पट्टा असा एक त्रिकोण तयार करायचा आणि वजन हाडांवर आणि पट्ट्यावर टाकायचं. डाव्या हाताने रायफल धरायची नाहीच, ती नुसती पंजावर पडलेली असते, बोटं सैल. (मी उजव्या खांद्याची आहे म्हणून डावा हात म्हणते, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.)

आणि हे किती वेळ? प्रोनच्या ६० गोळ्यांना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ५० मिनिटं, त्याच्या आधी तयारी आणि साइटर्सना (साइट जुळवायच्या, स्कोरमध्ये न धरल्या जाणाऱ्या गोळ्या) १५ मिनिटं. म्हणजे धरून चाला की तासभर तो पट्टा दंडावर आहे. दुकानात किंवा रेंजवर उभ्या उभ्या दंडाला लावून 'हां, छान वाटतंय' म्हणण्याला काही अर्थ नाही तो यामुळेच.

मी मूळची कोल्हापूरची, आता नोकरीमुळे पुण्यात, त्यामुळे बालेवाडीला प्रॅक्टिस. कोल्हापुरात रायफल म्हटलं की लोकांना प्रोन समजावून सांगावं लागत नाही, तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ५० मीटर प्रोनमध्येच, ६०० पैकी ५९७. मी शाळेत असताना पेपरात तो फोटो बघितलेला. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर पॉइंट टू टूची, म्हणजे या ५० मीटरच्या रायफलची, चौकशी करणारी पोरं जास्तच दिसतात. ऑलिम्पिकमधून प्रोनची वेगळी इव्हेंट रिओनंतर गेली हे मला आजही पटत नाही, पण थ्री पोझिशनमध्ये प्रोनच्या २० गोळ्या आहेतच आणि तिथे सगळे इतके दाबून स्कोर मारतात की एक नऊ आला तरी महागात पडतो.

तर स्लिंग. सुरुवातीला क्लबचा वापरला, साधा चामड्याचा, कफ म्हणजे दंडाभोवतीचा भाग चांगलाच गुळगुळीत झालेला. माझा दंड बारीक आहे. युरोपात बनलेले बरेचसे कफ माझ्यासारखीच्या दंडाला जॅकेटवरून लावले तरी शेवटच्या भोकापर्यंत आवळावे लागतात. झालं असं की साइटर्स मस्त जायच्या, पहिल्या दहा-बारा गोळ्या पण छान, आणि मग हळूच एक नऊ सहा वाजता, म्हणजे सरळ खाली. दोन क्लिक वर. परत दहा, परत दहा, परत खाली. पुन्हा क्लिक. सर मागे उभे होते, म्हणाले, "अगं साइटला हात लावू नकोस, दंडाकडे बघ." मग त्यांनी बॅगेतून शिंप्याचा खडू काढला आणि जॅकेटच्या बाहीवर कफच्या वरच्या कडेला लागून एक रेघ मारली. एक सिरीज, म्हणजे दहा गोळ्या, झाल्यावर बघितलं तर कफ रेघेच्या चांगला दीड बोट खाली. स्लिंग खाली सरकला की पट्टा सैल पडतो, रायफलचं तोंड खाली येतं, आपण नकळत हाताने ती उचलून धरायला लागतो आणि थरथर सुरू. इतकं हळू होतं ते की कळतच नाही.

ही खडूची युक्ती मी तेव्हापासून प्रत्येक स्लिंगला लावते. स्लिंग कितीही भारी कंपनीचा असो, रेघ मारायची, सिरीज मारायची, बघायचं. जॅकेटच्या बाहीवर बाहेरच्या बाजूला वरती स्लिंग अडकवायला हुक किंवा बटण असतं, ते नियमात चालतं, त्याने बराच फरक पडतो, पण कफची आतली बाजू गुळगुळीत असेल आणि कफ दंडाच्या मापाचा नसेल तर हुक नुसता एका बाजूने ओढत राहतो आणि कफ तिरका होतो. तिरका कफ म्हणजे एका कडेवर सगळा ताण, आणि ती कड मग टोचते. लोक म्हणतात स्लिंग टोचतो, पॅड जाड पाहिजे. पॅड जाड नको, कफ सरळ बसायला पाहिजे.

पॅडवरून दुसरी गोष्ट. रेंजवरच्या एका मैत्रिणीने तिचा जाड पॅडचा स्लिंग वापरायला दिला. लावल्या लावल्या काय सुख! कुठे कड लागत नाही, सगळीकडून सारखा दाब. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील आणि पुढच्या साइटच्या रिंगमध्ये बुल, म्हणजे टार्गेटचा काळा गोल, उडी मारायला लागला. थरथर नाही, थरथर वेगळी असते, ती कशीही होते. हे अगदी ठेक्यात, टक, टक, टक. गाल चीकपीसवर (रायफलवर गाल टेकायची जागा) टेकलेला होता, कानात माझाच ठोका ऐकू येत होता, आणि त्याच ठोक्याला रिंग हलत होती. डॉक्टरकडे बीपी बघताना दंडाला पट्टी फुगवतात आणि मधेच हातातली नाडी धाडधाड जाणवायला लागते ना, अगदी तेच. सगळीकडून सारखा दाब म्हणजे तेच तर झालं.

दंडातली मोठी रक्तवाहिनी आतल्या बाजूने, बेटकुळीच्या कडेने खाली जाते. स्लिंगचा ताण तिच्यावर आला की प्रत्येक ठोका पट्ट्यातून हँडस्टॉपला (रायफलखाली पुढे हात अडवणारा तुकडा, पट्टा तिथेच जोडतात) आणि तिथून रायफलला. म्हणून पट्टा कफमधून दंडाच्या बाहेरच्या बाजूने निघाला पाहिजे, म्हणजे मुख्य दाब दंडाच्या मागच्या-बाहेरच्या भागावर येतो, तिथे मांस आणि हाड आहे, तिथे काय दाबायचं ते दाबा. सरांनी तोच स्लिंग दंडावर बाहेरच्या बाजूला फिरवून बघितला, ठोका कमी झाला, पण त्या स्लिंगचा पट्टा कफला एका जागी पक्का शिवलेला होता, त्यामुळे फिरवला की पट्ट्याला पीळ पडायचा, आणि पीळ पडलेला पट्टा गोळी सुटल्यावर रायफल परत त्याच जागी येऊ देत नाही. तिथे मला कळलं की कफ आणि पट्ट्याच्या मधे फिरणारा जोड असलेले स्लिंग लोक का घेतात. मी आजवर तो नुसता देखावा समजत होते असं नाही, पण त्याचा उपयोग असा डोळ्यासमोर बघितला नव्हता.

कफ दंडावर किती वर घ्यायचा यावर रेंजवर वाद आहेत आणि राहणार. माझ्या दंडाला वरती, बेटकुळीच्या फुगवट्याच्या वर, काखेच्या जवळ जास्त शांत वाटतं. मधे फुगवट्यावर लावला तर ठोका येतो आणि श्वास घेताना दंड हलला की कफ पण हलतो. आमच्याकडचा एकजण मात्र अगदी खाली लावतो आणि त्याचे स्कोर माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यामुळे हे ज्याने त्याने स्वतःच्या हातावर बघावं. पण बघताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आज उंची, उद्या लांबी. सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही.

हाताला मुंग्या येणं हा तिसरा प्रकार, आणि इथे बिचारा स्लिंग बऱ्याचदा फुकट शिव्या खातो. मला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. मला वाटलं पट्टा मनगटावर आवळतोय. पण करंगळीकडची नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते, आपण कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात तीच, आणि माझं कोपर मॅटवर चुकीच्या टोकावर टेकत होतं. कोपर थोडं फिरवून टेकवलं, मुंग्या गेल्या. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात दुखत असेल तर तो हँडस्टॉपचा आकार किंवा पट्टा फार आखूड. आणि पंजाच्या मागच्या बाजूला वळ उठत असेल तर तिथे मात्र पट्टा, त्याला जाड ग्लोव्ह हाच उपाय. पट्टा हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने जायला पाहिजे हा नियम आहे, गुंडाळून वगैरे घेता येत नाही, आणि पुढे तो रायफलला एकाच जागी जोडलेला पाहिजे.

नियमाचं निघालंच आहे तर, स्लिंगची रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर. ऑनलाइन फोटो बघून रुंद रुंद पट्टे आवडतात, शिकारीच्या बंदुकीचे, खांद्याला लटकवायचे, ते इथे उपयोगाचे नाहीत. मी आता कुठलाही स्लिंग हातात आला की आधी पट्टी लावून रुंदी मोजते, मग बाकीचं. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे सामान तपासणीच्या, टेबलवर मॅचच्या सकाळी काही निघालं तर दुसरा स्लिंग कुणाकडून मागायचा, आणि उसन्या स्लिंगवर मॅच मारणं म्हणजे अर्धी मॅच घालवणंच.

लांबीचं जरा नीट सांगते, कारण यातच सगळे गोंधळतात. पट्ट्याची लांबी आणि हँडस्टॉपची जागा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हँडस्टॉप रायफलखालच्या रेलवर पुढे सरकवला की हात पुढे जातो, आपण खाली बसतो, पोझिशन चपटी होते. पुढचा हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात गेला तर नियमात बसत नाही. हँडस्टॉप मागे घेतला की उंच होतो. आधी हे ठरवायचं, मान सरळ राहून डोळा साइटमागे येतो का ते बघायचं, बट खांद्यात बसतंय का ते बघायचं, आणि मग त्या जागेला लागेल तेवढा पट्टा घट्ट करायचा. घट्ट किती? मी हे करून बघते: रायफल खांद्यात घेतली, टार्गेटवर लावली, आता उजवा हात पूर्ण सोडून द्यायचा. रायफल तिथेच राहिली पाहिजे. मग डाव्या पंजाची बोटं उघडायची. तरी तिथेच. मग डोळे मिटून दोन-तीन श्वास, डोळे उघडले की बुल रिंगमध्येच असला पाहिजे. नसला तर हाताने ओढून आणायचा नाही, डावं कोपर जागेवर ठेवून सगळं अंग फिरवायचं. बट खांद्यात घालताना दोन्ही हातांनी कुस्ती करावी लागत असेल तर पट्टा फार आखूड. बट अगदी अलगद, काही विरोध न होता जात असेल तर सैल.

आता इथे चामड्याच्या स्लिंगची एक अडचण, भोकं. दोन भोकांमधे जे अंतर असतं ते प्रोनला फार मोठं पडतं. माझं सातवर सैल आणि आठवर हात सुन्न. सुट्टीत घरी गेले तेव्हा स्लिंग घेऊन चप्पल लाईनला गेले. तिथे आमच्या घरच्या चपला वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून घेतो त्या काकांना दाखवला. त्यांनी हातात घेऊन आधी वाकवला, मग वास घेतला, नखाने कड खरवडली. "पोरी, हे कशाला लावतीस?" मी दुकानातच कोट घालून, हात वाकवून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "ताण हिकडनं येतोय न्हवं? मग भोक मधोमध नको, फाटंल." आणि सात-आठच्या मधलं भोक त्यांनी सरळ रेषेत न पाडता किंचित बाजूला घेतलं, पंच ठेवून एकच ठोका, खालून कड गोल घासून दिली. कफच्या आतून खरबरीत बाजू वर येईल असा पातळ चामड्याचा तुकडा शिवायला सांगितला तर म्हणाले चिकटवून नको, घामानं सुटतंय, आणि मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवून दिला. टाके आत इतके दाबलेले की बोट फिरवलं तरी लागत नाहीत. तो तुकडा रुंदीला मूळ कफच्या बाहेर जाऊ दिला नाही, त्या ४० मिलिमीटरचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं, तर त्यांनी अडतीसच ठेवला. खडूच्या रेघेची परीक्षा पुण्यात आल्यावर घेतली. पूर्ण मॅच मारून कफ रेघेवर. मला इतका आनंद झाला की सरांना लेनवरूनच हाक मारली.

चामडं की नायलॉन की ते रबरासारखं कोटिंगवालं, यावर माझं मत आपल्या हवेवरून बनलंय. नवीन चामडं ताणतं, पहिले काही आठवडे नंबर बदलत राहतो, सकाळचा आठ दुपारी साडेआठ वाटतो. पावसाळ्यात ओल धरतं, तेव्हा अजून ताणतं, आणि बॅगेत तसंच ठेवलं तर बुरशी. पण एकदा बसलं की दंडाचा आकार घेतं, तसा आकार दुसरं काही घेत नाही. नायलॉन ताणत नाही म्हणतात, अगदीच नाही असं नाही पण कमी, आणि लांबी भोकाभोकाने नाही तर हवी तेवढी कमी-जास्त होते, फक्त बकल नीट नसेल तर हळूहळू सरकतं. तिथेही खडू. कोटिंगवाल्या पट्ट्याला पाणी-घामाचा काही फरक पडत नाही, पुसला की झालं, मुंबईच्या दमट हवेत मारणाऱ्यांना मी तोच सांगेन. मे महिन्यात बालेवाडीला कॅनव्हासचं जॅकेट घालून पडलं की आतला टीशर्ट पिळून काढण्याइतका ओला होतो, आणि ओल्या टीशर्टवर जॅकेटची बाहीच सरकते, मग स्लिंग काय करणार. म्हणून आत काय घातलंय हे पण तेच ते ठेवा. थंडीत जाड स्वेटशर्ट घातला की कफचं भोक बदलतं.

शेवटी मी घेतला तो फिरणाऱ्या जोडाचा, पट्टा कोटिंगचा, कफ चामड्याचा, आतून काकांनी शिवलेला तोच खरबरीत तुकडा उसवून याला लावून घेतला. क्लबचा तो जुना स्लिंग मधल्या भोकासकट परत दिला, सरांना विचारूनच पाडलं होतं ते. घेण्याआधी विकणाऱ्याला सांगितलं की मला रेंजवर, माझ्या जॅकेटवर, पूर्ण ६० गोळ्या मारून बघायच्यात, तर तो तयार झाला. तुम्ही पण सांगा, लाजू नका. एका महिन्याच्या गोळ्यांपुढे स्लिंगची किंमत काहीच नाही आणि चुकीच्या स्लिंगवर त्याच गोळ्या वाया जातात. ते जमत नसेल तर निदान रेंजवर ज्याच्या दंडाचं माप तुमच्यासारखं आहे त्याचा मागून बघा. फार चांगल्या शूटरचा आहे म्हणून तोच घ्यायचा असं करू नका, त्याचा दंड वेगळा, हाताची लांबी वेगळी.

वहीत मी प्रत्येक वेळी कफचं भोक, पट्ट्याचा नंबर, हँडस्टॉपचा रेलवरचा आकडा, आत काय घातलं होतं आणि ठोका दिसला की नाही एवढं लिहिते. कफच्या आत डक्ट टेपच्या तुकड्यावर प्रोनचा नंबर लिहिलाय. आता त्याच्या शेजारी नीलिंगचा, म्हणजे गुडघ्यावर बसून मारायच्या पोझिशनचा, नंबर यायचाय, कारण थ्री पोझिशनमध्ये आधी नीलिंग, मग प्रोन, मग स्टँडिंग, आणि नीलिंगला पट्टा वेगळ्या लांबीवर लागतो, हँडस्टॉप पण वेगळ्या जागी. नीलिंगमध्ये तोच कफ थोडा खाली घेतला तर बरं वाटतंय, पण बसून वीस गोळ्या झाल्या की ठोका परत दिसायला लागतो. या आठवड्यात कफ परत वर घेऊन बघणार आहे, लांबी तशीच ठेवून.